उघडणीनंतरचे तीस दिवस

पंपांची कार्डं अडतीस होती. सदतीस चालू पंपांची आणि एक भंगारात गेलेल्या पंपाचं. त्या चौदा नंबरच्या कार्डावर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ ओढलेली होती, पण ते फायलीतून काढायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. कार्डं पिवळ्या जाड कागदाची, दोन्ही बाजूंना रकाने: तारीख, काय केलं, कोणी केलं, किती तास गेले. गेल्या सहा वर्षांच्या नोंदी तिने वेगळ्या उतरवून घेतल्या तेव्हा त्यांत दोनशे अठरा उघडण्या निघाल्या आणि चौऱ्याण्णव बिघाड. आणखी सात नोंदींवर तेल सांडून अक्षर पुसलं गेलं होतं. त्या तिने धरल्या नाहीत, आणि धरल्या नाहीत असं समासात लिहून ठेवलं.

कारखाना खोक्यांच्या जाड तपकिरी कागदाचा होता. रद्दी यायची, गरम पाण्यात घोटली जायची, तिचा लगदा पंपांनी वर चढायचा आणि दुसऱ्या टोकाला कागद होऊन गुंडाळला जायचा. मधे एक पंप जरी बसला तरी कागद तुटायचा, आणि तो पुन्हा धरेपर्यंत साठ माणसं हाताची घडी घालून उभी राहायची. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक पंप वर्षातून एकदा पूर्ण उघडायचा, धुवायचा, बेअरिंग बदलायची आणि बंद करायचा, असा नियम होता. कागदोपत्री त्याला ओव्हरहॉल म्हणत. बाकी सगळे उघडणी म्हणत.

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती दीड वर्षापूर्वी देखभाल खात्यात नियोजनाच्या टेबलावर लागली होती. फिटर तिला आकडेताई म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे राग धरायची सोय नव्हती. खात्याचे थोरले मिस्त्री तिचे सख्खे काका. ती नऊ वर्षांची असताना आईवडील दोघंही गेले, तेव्हापासून ती त्यांच्याच घरात लहानाची मोठी झाली. काकांच्या निवृत्तीला आता दोन महिने उरले होते.

सोमवारी मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. त्याच्या टेबलावर एकच कागद होता आणि त्यावरच्या एका आकड्याभोवती त्याने तीनदा गोल काढला होता.

"दुरुस्तीचा खर्च बघितलात? दोन वर्षांत दीडपट."

"बघितला, साहेब. सुट्या भागांवर फारसा वाढलेला नाही. मशीन बंद राहिल्याच्या तासांवर वाढलाय."

"कुठे का वाढेना. शुक्रवारी मला वर योजना द्यायचीय. सरळ गोष्ट आहे, उघडणी तीन वर्षांतून एकदा करायची. काम तिसऱ्या हिश्श्यावर आलं की नऊ फिटर कशाला? पाच भरपूर झाले. तुम्ही फक्त ते आकड्यांत बसवून द्या."

"आधी आकडे काय म्हणतात ते बघते."

"त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत," मॅनेजर म्हणाला. "शुक्रवार मात्र शुक्रवारीच येणार."

ती टेबलाशी परतली आणि तिने आलेखाचा कागद घेतला. प्रश्न तिच्या मते साधा होता. उघडणीचा उपयोग होत असेल तर उघडणीनंतर लगेच बिघाड सगळ्यांत कमी व्हायला हवेत आणि वर्ष सरत जाईल तसे वाढायला हवेत. प्रत्येक बिघाड आधीच्या उघडणीनंतर कितव्या दिवशी झाला ते तिने काढलं. तीस-तीस दिवसांचे बारा रकाने आखले, शेवटच्या रकान्यात उरलेले चारपाच दिवस ढकलले, आणि एकेक फुली मारत गेली.

जेवणाची सुट्टी होईपर्यंत पहिला रकाना भरून वर गेला होता. चौऱ्याण्णवपैकी एक्कावन्न फुल्या तिथेच. उरलेल्या अकरा रकान्यांत मिळून त्रेचाळीस. बिघाड वर्षभर सारखे विखुरलेले असते तरी पहिल्या रकान्यात आठच्या आसपास आले असते. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून तिने कार्डांची चळत उलटी केली आणि शेवटापासून पुन्हा मोजलं. एक्कावन्न.

वर्कशॉपमध्ये रेडिओ दगडी फरशीवर बसून एक गिअर पुसत होता. नऊ फिटरांतला हा सगळ्यांत जुना, काका सोडून. तोंड बंद राहत नाही म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं, आणि स्वतःची ओळखही तो तीच करून द्यायचा.

"रेडिओदादा, पंप उघडला की महिन्याच्या आत का बसतो?"

"ऑपरेशन झालेला माणूसही महिनाभर कण्हतोच की, ताई."

"कण्हत नाहीये, मरतोय. आणि प्रत्येक दुरुस्तीच्या नोंदीत तुम्ही एकच वाक्य लिहिलंय. 'बाटली भरलेली, पोट कोरडं.' एकोणतीस वेळा."

रेडिओने गिअर खाली ठेवला. "माझं अक्षर लागलं तुला? माझ्या बायकोला लग्नाआधीचं एक पत्र अजून लागलेलं नाही. त्याचाच फायदा झाला मला."

"वाक्याचा अर्थ सांगा."

"अर्थ कसला त्यात. बेअरिंगच्या घराला बाजूला काचेची बाटली असते ना, उलटी लावलेली? घरातलं तेल कमी झालं की बाटलीतून आपोआप उतरतं. पंपवाला फेरी मारतो, बाटलीत तेल दिसलं की वहीत टिक करतो. आता बाटली तर भरलेली दिसते, आणि बिघाडानंतर आपण घर खोलावं तर आत वाळवंट. बेअरिंग भाजून काळीठिक्कर."

"मग बाटलीतलं तेल उतरलं का नाही?"

"ते तू शोध. तू शिकलेली," रेडिओ म्हणाला आणि पुन्हा गिअर पुसायला लागला. पण पुसता पुसता तो नेहमीसारखा गुणगुणत नव्हता.

संध्याकाळी जेवताना तिने काकांना रकान्यांबद्दल सांगितलं. सांगू की नको असा विचार तिने केला नाही. या घरात तिने शाळेतले सगळे प्रयोग याच टेबलावर याच माणसाला समजावून सांगितले होते, आणि तो प्रत्येक वेळी 'मग पुढे?' असं विचारायचा.

या वेळी काकांनी तसं विचारलं नाही. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"म्हणजे आम्ही नऊ जण वर्षभर राबून पंप बिघडवतो."

"तसं नाही, काका. उघडणी आणि बिघाड यांचा संबंध दिसतोय, एवढंच. कारण अजून माहीत नाही."

"संबंध दिसतोय!" काका काकूकडे वळले. "ऐकलंस? एकतीस वर्षं मी उघडण्या केल्या. प्रत्येक पंप बंद करून झाला की शेवटचा रंगाचा हात मी स्वतः मारतो, माझ्या ब्रशने. दुसऱ्याला हात लावू देत नाही. हिरवा झालेला पंप म्हणजे माझा शब्द. आता ही सांगते, त्या शब्दाला महिनाही पुरत नाही."

"जेवा आधी," काकू म्हणाली. "पंप पळून नाही जात."

"पंप नाही जात. माणसं जातात. साहेबाला चार माणसं काढायचीत, हिच्या कागदाने त्याचं काम सोपं होईल."

"म्हणूनच कारण शोधतेय," ती म्हणाली. "कारण सापडलं तर माणसं काढायची गरज राहणार नाही. एक्कावन्न बिघाड गेले तर साहेबांना हवी आहे त्याहून जास्त बचत होते. मी हिशोब करून बघितलाय."

काका उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. काकूने तिच्या ताटाकडे बोट दाखवलं. "तू तरी संपव. आणि ऐक, खरं असेल ते बोल, पण ते जेवत असताना नको बोलूस."

मंगळवार तिने पंपघरात काढला. तिथली जमीन सतत ओली असायची आणि भिंतींना लगद्याचे करडे शिंतोडे वाळून चिकटलेले असायचे. गेल्या आठवड्यात उघडलेला बावीस नंबरचा पंप त्या करड्यात नव्या पानासारखा हिरवागार दिसत होता. जवळ गेल्यावर तिला शाफ्टच्या कडेला, गळती अडवणाऱ्या सीलभोवती, तेलाचे बारीक मणी दिसले. नवं सील, नवी बेअरिंग, आणि आठव्या दिवशी तेल बाहेर. बाटली मात्र तोंडापर्यंत भरलेली.

तेल बाहेर येतंय याचा अर्थ आतून त्याला काहीतरी ढकलतंय. पंप गरम होतो, आतली हवा फुगते. ती जाते कुठून? तिने कपाटातून पंप बनवणाऱ्यांची पुस्तिका काढली. आकृतीत बेअरिंगच्या घराच्या वरच्या कडेखाली एक बाण होता: हवेची वाट, व्यास दोन मिलिमीटर. जुन्या बनावटीच्या वीस पंपांना त्या जागी लहानशी टोपी होती. उरलेल्या सतरा पंपांना नुसतं भोक होतं.

बावीस नंबरवर तिला ते भोक दिसेना. बोट फिरवल्यावर एक पुसटशी खळी लागली. तिने ओढणीची पिन काढून टोचून पाहिली. पिन गेली नाही.

मग तिने सतराही पंप तपासले. दहांवर पिन सहज आत गेली. सातांवर नाही. कार्डं काढून पाहिली तेव्हा पिन गेलेल्या दहाही पंपांना मागच्या दोन वर्षांत एकेकदा तरी बिघाड झालेला होता. त्याचाही उलगडा रेडिओनेच केला. बिघाडाच्या घाईत बेअरिंगचं घर रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने खरवडतात आणि तसंच बसवतात. रंग द्यायला वेळ नसतो. भोक मोकळं होतं. पुढच्या उघडणीला जुन्या रंगावर नवा हात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. कोणी जुना रंग काढत नाही. एकेका थराने वाट अरुंद होत जाते आणि एके वर्षी बंद होते. मग फुगलेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते, आणि त्याच दाबामुळे बाटलीतलं तेल खाली उतरत नाही. बाटली भरलेली, पोट कोरडं.

बुधवारी सकाळी तिने चौदा नंबरचं कार्ड पुन्हा हातात घेतलं.

ते सगळ्या कार्डांत स्वच्छ कार्ड होतं. त्या सतरांच्याच बनावटीचा हा, गरम पाण्याचा पंप. अकरा वर्षं, अकरा उघडण्या, शेवटच्या नोंदीपर्यंत एकही बिघाड नाही. आजवर तिला ते चांगल्या पंपाचं कार्ड वाटत होतं. आता तिने ते वेगळ्या नजरेने वाचलं. एकही बिघाड नाही म्हणजे एकदाही रॉकेलमध्ये धुतलेला नाही. अकराव्या उघडणीनंतर एकोणिसाव्या दिवशी शेवटची नोंद होती, तीन वर्षांपूर्वीची: बेअरिंग जाम, शाफ्ट तुटला, सील फुटलं. त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वेळी पंपवाला शेजारीच उभा होता. पाणी पंच्याऐंशी अंशांचं होतं. तो सहा दिवस जगला.

चौकशीत बेअरिंगच्या घरात थेंबभर तेल सापडलं नाही. पंपवाल्याच्या वहीत मात्र त्या सकाळी सात वाजता चौदा नंबरपुढे तेलाची टिक होती. बाटली फुटून चक्काचूर झालेली, त्यामुळे तिच्यात काय होतं याचा पुरावा उरला नव्हता. समितीने लिहिलं: कामगाराने तेल न पाहता खोटी टिक केली. समितीत थोरले मिस्त्रीही होते. पंपवाला त्यांचा वीस वर्षांचा मित्र, पण त्यांनीही सही केली, कारण दुसरं काही कारण त्यांना दिसत नव्हतं. पंपवाल्याची बायको पुढे रद्दी निवडायच्या शेडमध्ये लागली. तिच्या मुलांना कामगार-वस्तीतली पोरं 'खोटी टिक' म्हणून चिडवत, आणि थोरल्या मुलाने त्यापायी शाळा बदलली होती.

तिने योजना लिहून काढली. वर्षाची उघडणी बंद. त्याऐवजी प्रत्येक पंपाची आठवड्याला फेरी, बेअरिंगचं तापमान, महिन्याला तेलाचा नमुना. तापमान नेहमीपेक्षा दहा अंशांनी चढलं किंवा तेलात लोखंडाचा कीस दिसला तरच पंप उघडायचा. फेऱ्यांना माणसं लागणार, म्हणून नऊचे नऊ फिटर ठेवायचे. सतरा पंपांची भोकं मोकळी करायची आणि तिथे टोपी बसवायची. खर्चाचा अंदाज शेवटी. तिच्या हिशोबाने बंद राहण्याचे तास निम्म्याहून खाली येत होते.

योजना तिथे पुरी होत होती. चौदा नंबरचं नाव न काढताही ती पुरी होती. काका दोन महिन्यांनी हार गळ्यात घालून घरी जाणार होते. भोकं मोकळी झाली असती, पंप चालले असते, आणि रंगाचा ब्रश कोणाच्या हातात होता हे कोणी विचारलं नसतं. तिने कागद फोल्डरमध्ये घातले, बाहेर काढले, आणि शेवटी आणखी एक परिच्छेद लिहिला. चौदा नंबरच्या अपघाताचं कारण हेच असण्याची शक्यता आहे, असं त्यात होतं.

गुरुवारी दुपारी काका वर्कशॉपच्या मागच्या बाकावर एकटेच बसले होते. तिने कागद त्यांच्यापुढे धरले.

"काका, उद्या मी हे देणार आहे. तुम्हाला आधी दाखवायचं होतं."

काकांनी चष्मा शोधला. कामावर चष्मा लावायला त्यांना आवडत नसे. तो डब्याच्या पिशवीत, किल्ल्यांच्या खाली सापडला. त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बोट ओळीखाली ठेवून ते वाचत होते, आणि बोट कुठे थांबतं ते ती पाहत होती. 'रंग' या शब्दावर ते थांबलं. मग पुढे गेलं. शेवटच्या परिच्छेदावर बराच वेळ राहिलं.

"भोक मला माहीत होतं," ते म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"नवे पंप आले तेव्हा बसवायला आलेल्या माणसाने दाखवलं होतं. म्हणाला, मिस्त्री, हे बुजू देऊ नका. पहिली दोन-तीन वर्षं रंग देताना मी त्यात आगपेटीची काडी खोचायचो. रंग वाळला की काढायचो. मग कधीतरी राहिलं. एका पंपाला राहिलं, काही झालं नाही. म्हणून दुसऱ्यालाही राहिलं. चौदा नंबर मागाहून आला, तोवर काडी सुटलीच होती." त्यांनी चष्मा काढला. "त्यानंतर ते भोक डोळ्यांपुढे आलंच नाही कधी. समितीत बसलो तेव्हासुद्धा नाही."

"तुम्ही मुद्दाम केलं असं कुठेही लिहिलेलं नाही."

"ते वाचलं मी. तू 'शक्यता' लिहिलंयस."

"कारण तेवढंच सांगता येतं. बाकी सहा पंपांत तसं होतंय म्हणून चौदामध्येही तसंच झालं असेल, असं..."

"सात," काका म्हणाले. "तूच वर सात लिहिलंयस."

तिने पाहिलं. सातच होते. तिच्याकडून अशी चूक सहसा होत नसे.

"सात," ती म्हणाली.

"शक्यता लिहिलं की लोक पान उलटतात, पोरी. साहेब म्हणेल, असेलही आणि नसेलही. मग वहिनींनी काय करायचं त्या शब्दाचं? पोरांना सांगायचं, तुमचा बाप खोटारडा नसण्याची शक्यता आहे?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "चौदाच्या बेअरिंगचं घर भंगारात आहे. अपघातानंतर ते तसंच उचलून टाकलंय. कोणी धुतलं नाही, रंग दिला नाही. मीच टाकलंय, कुठे आहे ते मला माहितीये."

"काका, भोक मोकळं निघालं तर?"

"तर मी उरलेले दोन महिने निवांत झोपेन."

"आणि बंद निघालं तर?"

काका उठले. पिशवी तिथेच राहिली होती, ती त्यांनी परत येऊन उचलली. "साहेबाला सांग, योजना वर द्यायच्या आधी, उद्या सकाळी नऊला, भंगाराच्या यार्डात. वहिनींना मी सांगतो."

"तुम्ही सांगाल?"

"मग काय तू सांगणार?"

शुक्रवारी सकाळी यार्डात ऊन आलं होतं. गंजलेल्या रोलरांच्या आणि तुटक्या दातांच्या गिअरांच्या मधून रेडिओने हातगाडीवरून ते घर बाहेर आणलं आणि लाकडी ठोकळ्यावर ठेवलं. त्याच्या एका बाजूला तडा गेलेला होता. गंज सगळीकडे चढला होता, पण वरच्या कडेखाली हिरवा रंग अजून धरून होता. रेडिओ सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता.

मॅनेजर घड्याळ बघत आला. "मिस्त्री, हे शेवटी कशासाठी आहे? योजना चांगली आहे. नऊ माणसं ठेवूनही खर्च बसतो, मी सकाळीच वाचली. मी ती तशीच वर देतोय. आता जुनं कशाला उकरायचं?"

"जुनंच आहे, साहेब. पाच मिनिटांचं काम आहे."

पंपवाल्याची बायको शेडमधून आली होती. तिच्या हातात अजून निवडायचे जाड मोजे होते. ती भिंतीजवळ उभी राहिली.

"पुढे या, वहिनी," काका म्हणाले. "इथून दिसणार नाही."

"भाऊजी, मला त्यातलं काय कळणार?"

"कळेल. सगळ्यांना कळेल असंच आहे." त्यांनी घरावर हात ठेवला. "तुमचा माणूस म्हणायचा, बाटली भरलेली होती. दवाखान्यात सहाही दिवस म्हणत होता. मी ऐकून घेतलं आणि सही दुसऱ्या कागदावर केली. मला वाटलं, दुखण्यात बरळतोय. या घराला वर एक भोक आहे. ते मोकळं असेल तर माझी सही बरोबर होती. बुजलेलं असेल तर तो खरं बोलत होता, आणि भोक बुजवलं ते मी. या पंपाला माझ्याशिवाय कोणी रंग लावलेला नाही."

ती बाई एक पाऊल पुढे आली. तिने मोजे काढले आणि एकात एक घालून घट्ट धरले.

"मिस्त्री, हे लेखी झालं तर निवृत्तीच्या वेळी..." मॅनेजरने सुरुवात केली.

"लेखीच करायचंय, साहेब. समितीचा कागद लेखी आहे."

काकांनी पिशवीतून चष्मा काढून लावला. आधी तारेच्या ब्रशने नव्हे, फडक्याने वरची धूळ पुसली, हलक्या हाताने. मग खडूने भोकाच्या जागेवरून आडवी रेघ ओढली आणि हॅकसॉ लावला. ओतीव लोखंड सावकाश कापलं जात होतं. एकदा पातं अडकलं तेव्हा रेडिओ पुढे झाला, पण काकांनी मान हलवली आणि पातं स्वतःच सोडवलं. त्यांच्या मानेवरून घाम खाली येत होता. तुकडा सुटला तेव्हा त्यांनी तो पडू दिला नाही, तळहातावर धरला.

कापलेली बाजू त्यांनी पॉलिश पेपरवर गोल गोल घासली, पाण्याने धुतली, आणि तिच्याकडे दिली.

"तू बघ. माझ्या डोळ्यांवर सोडू नकोस."

तिने तुकडा उन्हात धरला आणि भिंग लावलं. लोखंडाच्या करड्या कापावर भोकाची मधोमध चिरलेली नळी स्पष्ट दिसत होती. हिरव्यावर हिरवा, थोडा फिकट, थोडा गडद, एकेक थर वेगळा कळत होता. तिने सुईच्या टोकाने ते दोन्ही बाजूंनी मोजले. मग तुकडा मॅनेजरकडे दिला, त्याने मोजले. मग पंपवाल्याच्या बायकोने भिंग मागून घेतलं. तिने मोजायला सगळ्यांत जास्त वेळ घेतला, ओठ हलवत, आणि एकदा चुकल्यासारखं वाटून पुन्हा पहिल्यापासून.

"लिही," काका तिला म्हणाले.

तिने भोकाला व्हर्निअरची मोजपट्टी लावून पाहिली, वही उघडली आणि लिहिलं: चौदा नंबर. भोकाचा व्यास दोन मिलिमीटर. रंगाचे थर अकरा. मोकळी वाट शून्य.